काळा, पण थंड

रंगरावांच्या मते त्यांच्या इमारतीतल्या माणसांना दोनच गोष्टी मनापासून करता येतात. एक म्हणजे दुसऱ्याला सल्ला देणे, आणि दुसरी म्हणजे तो सल्ला अंगाशी आला की आपण तो दिलाच नव्हता असे सांगणे. हे मत त्यांचे पूर्वीपासूनच होते, पण गच्चीच्या रंगाचे प्रकरण झाल्यापासून ती काळ्या दगडावरची रेघ झाली आहे. आणि खरे सांगायचे तर त्यांचे काही चुकते असे म्हणवत नाही. माणसाने स्वतःच्या खिशाला खार लावून अख्ख्या इमारतीची गच्ची रंगवावी आणि लोकांनी त्यालाच आरोपीसारखे खुर्चीत बसवून जाब विचारावा, याला काय म्हणायचे?

रंगराव हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. कापडगिरणीच्या रंगखात्यात त्यांनी सगळी नोकरी काढली. गिऱ्हाइकाने पाठवलेला तुकडा आणि गिरणीत रंगवलेला तुकडा खिडकीपाशी शेजारी शेजारी धरायचे आणि दोन्हींची छटा एक आहे की नाही ते सांगायचे, एवढेच त्यांचे काम. ऐकायला सोपे वाटते. पण रंगरावांनी मान हलवली की ढीगभर कापड परत कढईत जायचे, आणि मोठमोठे साहेब हात चोळत उभे राहायचे. निवृत्त झाल्यावर साहेब गेले, कढई गेली, डोळा मात्र तसाच राहिला. शेजाऱ्यांच्या खिडकीचे दोन पडदे एका खेपेचे नाहीत, हे ते न विचारता सांगत. इमारतीच्या अध्यक्षांना एकदा भर जिन्यात त्यांनी सांगितले की तुमचा कोट आणि पँट या दोन वेगवेगळ्या निळ्या आहेत. अध्यक्षांनी तो कोट पुन्हा घातला नाही आणि रंगरावांना पुन्हा माफही केले नाही.

तर या वर्षी ऊन लवकर तापले. रंगराव राहतात सगळ्यात वरच्या मजल्यावर, आणि मागच्या खोलीत राहते आक्का, त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा हिनेच दोघा भावांना वाढवले, शाळेत घातले, कान पिळले. त्या खोलीच्या डोक्यावर सरळ गच्ची, आणि गच्चीवर काळा कुळकुळीत जुना रंग. दुपारी छताला हात लावला तर तव्याला लावल्यासारखा वाटे. थंड हवेचे यंत्र बसवावे तर इमारतीच्या जुन्या तारांना ते पेलणार नाही, असे वीजवाल्याने स्वच्छ सांगितले होते.

एका दुपारी धाकटा आला. धाकट्याचे घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, खोलीखोलीत थंड हवा, आणि तोंड मात्र पहिल्यापासून गरम. आक्काच्या खोलीत पाऊल टाकताच तो म्हणाला, "दादा, आक्काला काय भट्टीत ठेवलंयस का? मी महिनाअखेरीला गाडी घेऊन येतो, तिला माझ्याकडे नेतो."

हे तो वहिनीसमोर बोलला, शेजारणीसमोर बोलला. रंगरावांच्या कानशिलांवरून गरम वारा गेला. आक्का गेली तर घर किती सुने वाटेल हा विचार त्यांच्या मनात आला, आणि तो विचार त्यांना इतका असह्य झाला की ते रागावले. महिनाअखेरीपर्यंत ही खोली थंड करून दाखवतो, नाही झाली तर खुशाल घेऊन जा, असे ते बोलून बसले. आक्का चष्मा पुसत होती.

पहिला विचार कोणालाही सुचेल तोच: गच्ची पांढरी करावी. रंगरावांनी समितीकडे अर्ज केला. अध्यक्षांनी तो वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. समोरच्या इमारतीत एक दातांचा डॉक्टर आहे. आणखी कुठल्याशा गच्चीला पांढरा रंग लावल्यापासून त्याच्या डोळ्यांवर तिरीप येते आणि मागे एकदा एका रुग्णाचा भलताच दात निघता निघता वाचला, असे अध्यक्षांनी गंभीरपणे सांगितले. हा डॉक्टर अध्यक्षांचा व्याही आहे, हे त्यांनी सांगितले नाही, पण ते सगळ्यांना माहीत होते. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात ते असे. समितीने ठराव केला की गच्ची काळी आहे आणि काळीच राहील.

दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. रंगराव रंगाच्या दुकानात गेले. दुकानदाराने त्यांना एक डबा दाखवला आणि म्हणाला, हा घ्या, हा काळा थंड राहतो. रंगरावांना वाटले हा आपली चेष्टा करतोय. पण दुकानदाराने नीट समजावून सांगितले. उन्हातला डोळ्यांना दिसणारा भाग निम्माच असतो. उरलेला दिसत नाही, नुसता तापवतो. साधा काळा रंग दोन्ही भाग गिळून टाकतो. या रंगातली पूड मात्र दिसणारा उजेड गिळते, म्हणून काळी दिसते, आणि न दिसणारे ऊन बरेचसे आल्या वाटेने परत पाठवते.

रंगरावांनी नमुन्याची पट्टी खिडकीपाशी नेली. खिशातून साध्या काळ्या कापडाचा तुकडा काढून शेजारी धरला. खिशात असे तुकडे ते अजून ठेवतात. दोन्हींच्या छटेत केसाइतकाही फरक नव्हता. ज्या डोळ्यावर त्यांनी आयुष्य काढले त्या डोळ्याला या दोघांतला थंड कोण आणि गरम कोण हे कळत नव्हते. हा त्यांना पहिला अपमान वाटला, आणि रंगाने केलेला असल्यामुळे त्यांनी तो निमूटपणे सोसला.

माणसांनी केलेले अपमान पुढे सुरू झाले. समितीपुढे नमुना ठेवल्यावर चिटणीस म्हणाले, हा तर आत्ता आहे तसाच आहे, मग परवानगी कशाला हवी? अध्यक्ष म्हणाले, तसाच आहे तर लावायचा कशाला? यावर दोघांची जुंपली. शेवटी रंगरावांना जी परवानगी मिळाली ती "रंग न बदलता रंग लावण्यास" होती, आणि खर्च अर्थातच ज्याची हौस त्याचा. दुसऱ्या मजल्यावरचे भूगोलमास्तर, जे निवृत्त झाले तरी शिकवायचे थांबलेले नाहीत, त्यांनी जिन्यात उभे राहून जाहीर केले की काळा रंग उष्णता शोषतो हे सहावीतल्या पोराला कळते. तळमजल्यावरच्या विमावाल्याने सल्ला दिला की त्यापेक्षा गच्चीवर गोणपाटे ओली करून टाका. शेजारीणबाईंनी आक्कालाच तळमजल्यावर हलवण्याचा सल्ला दिला, फक्त कोणाच्या घरात ते सांगितले नाही. उंटावरचे शहाणे परवडले, निदान ते उंटावरून खाली उतरत नाहीत. हे दारात येऊन चहा पिऊन सल्ले देत होते.

रंगारी आला, त्याने डबे पाहिले आणि तो बसलाच. कारण डब्यांत पांढरा रंगही होता. दुकानदाराने बजावले होते की काळ्या थरातून जे ऊन खाली झिरपेल ते परत पाठवायला खाली पांढरा हात हवा. रंगाऱ्याच्या आयुष्यात आधी पांढरे करून मग काळे करणारे गिऱ्हाईक कधी आले नव्हते. अर्धी मजुरी आगाऊ घेऊनच त्याने ब्रश उचलला. माणसाचे डोके ठिकाणावर नसेल तर मजुरी बुडते, असा त्याचा हिशेब असावा.

पांढरा हात पुरा झाला आणि वाळायला ठेवला. झाले! समोरचा डॉक्टर खिडकीत आला, काळा चष्मा लावून आला, आणि त्याने व्याह्याला फोन केला. अध्यक्ष अंगावर बनियन असतानाच वर धावले. फसवणूक, ठरावाचा भंग, विश्वासघात, असे शब्द गच्चीवर घुमले. हा पांढरा खालचा आहे, उद्या तो दिसणारही नाही, असे रंगराव घसा फोडून सांगत होते. जो दिसणार नाही तो लावलाच कशाला, असे चिटणीसांनी विचारले, आणि त्यांच्यापुरता तो प्रश्न बिनतोड होता. काम बंद पडले. समितीची बैठक होऊन ते पुन्हा सुरू होईपर्यंत त्या पांढऱ्यावर कबुतरांनी आपली मते नोंदवली, ती घासून काढावी लागली, आणि मगच काळा रंग चढला.

आता गच्ची अगदी पूर्वीसारखी दिसू लागली. इतका खटाटोप करून जग जसेच्या तसे दिसावे, यासारखे दुःख नाही. लोक वर येऊन पाहत, एकमेकांकडे पाहत, आणि सहानुभूतीने रंगरावांकडे पाहत. मास्तर तर भर दुपारी प्रयोग करायला अनवाणी वर आले, आणि पहिले पाऊल त्यांनी ठेवले ते जिन्याच्या लोखंडी उंबऱ्यावर, ज्याला रंग लावलेलाच नव्हता. पाय भाजला तसे ते एका पायावर उड्या मारत खाली गेले आणि रंग थापाड्या आहे अशी बातमी मजल्यामजल्यावर देत गेले. उंबरा आणि गच्ची यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने पिढ्यान्‌पिढ्या पोरांना भूगोल शिकवला, हा विचार करून रंगरावांना त्या पोरांची दया आली.

पण या सगळ्यांचे एक वेळ सोडा. खरा निकाल होता आक्काच्या हातात. रंगराव रोज दुपारी चपला फटफटवत मागच्या खोलीत जात, स्टुलावर बसत आणि विचारत, "आक्का, कसं वाटतंय?"

आक्का डोक्यावर ओला पंचा घेऊन बसलेली असे आणि पंखा गरगरत असे. ती म्हणे, "आहे तसंच आहे बाबा." मग तिला काही तरी आठवे. धाकटा लहानपणी विहिरीत पडता पडता कसा वाचला, गिरणीत पहिल्यांदा गेलास तेव्हा हात निळे करून आला होतास, असे काहीबाही. रंगराव ऐकत, मधूनच स्टुलावर चढून छताला हात लावून बघत, पुन्हा विचारत, आणि ती पुन्हा म्हणे आहे तसंच. आपला हात आपल्याला फसवतो की आक्काचे वय, हे त्यांना कळेना. छत तर गार लागत होते. संध्याकाळ व्हायच्या आत ते उठून जात आणि बायकोवर चिडत. बायको म्हणे, अहो, माझ्यावर कशाला, मी काय ऊन पाडते का?

आता ज्याने सगळा घोटाळा झाला ते सांगायला हवे. काम संपले तेव्हा पांढरा आणि काळा, दोन्ही रंग थोडे उरले होते. उघडलेला डबा दुकानदार परत घेईना, आणि या घरात उरलेले काही टाकून द्यायची पद्धत नाही. त्यातच नव्या काळ्या गच्चीच्या मध्यावर पाण्याची टाकी उभी होती, तिचाही रंग काळाच, पण जुना, उन्हाने विटून राखाडीकडे झुकलेला. शेजारी शेजारी दोन काळे, आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत! दुसऱ्याला हे दिसलेसुद्धा नसते. रंगरावांच्या डोळ्यांत ते कुसळासारखे सलू लागले. दोन दिवस त्यांनी कळ काढली. मग एका सकाळी शिडी लावून त्यांनी स्वतःच्या हाताने टाकी आणि तिच्यातून खाली जाणारा पाइप आधी पांढऱ्याने आणि वाळल्यावर काळ्याने रंगवला, मागे सरून डोळे बारीक करून पाहिले, आणि छटा जुळली तेव्हा कित्येक दिवसांनी त्यांना बरे वाटले.

त्या संध्याकाळपासून इमारतीचे गरम पाणी गेले.

या इमारतीतली माणसे दुपारभर उकडतंय उकडतंय म्हणून जिवाचा आकांत करतात, आणि संध्याकाळी कढत पाण्याने आंघोळ करतात. कारण ते फुकट असते. काळी टाकी दिवसभर तापायची आणि सात वाजता नळाला वाफाळते पाणी यायचे. वर्षानुवर्षे कोणी हीटरचे बटण दाबले नव्हते. फुकटचे गरम पाणी गार करून घेण्याइतका वेडा इथे कोणी नव्हता. आणि आता नळाला कोमट पाणीसुद्धा येईना. अध्यक्ष साबण लावलेल्या अवस्थेत ओरडले, असे म्हणतात.

प्लंबर आला. त्याने एक झडप बदलली, मग दुसरी बदलली, मग पहिली पुन्हा बसवली. खालच्यांना वाटले वरचे मधेच गरम पाणी ओढतात, वरच्यांना वाटले खालचे नळ उघडे ठेवतात. विमावाल्याने आणि मास्तरांनी एकमेकांशी बोलणे टाकले. पाण्यावरून इतकी भांडणे झाली, पण टाकीकडे कोणी पाहिले नाही, कारण टाकी पूर्वीही काळी होती आणि आताही काळीच होती.

रंगराव एका दुपारी गुपचूप वर गेले आणि त्यांनी टाकीला हात लावला. हात सुखाने तिथेच राहिला. त्यांना एकाच वेळी नाचावेसे वाटले आणि पळून जावेसे वाटले. रंग खरा होता! दुकानदार खरा होता, ते स्वतः खरे होते, मास्तर आणि त्यांचे सहावीचे पोर दोघेही खोटे होते. आणि हे जगातल्या कोणालाही सांगायची सोय नव्हती.

पण पहारेकऱ्याने त्यांना शिडीवर पाहिले होते. समितीने तातडीची सभा बोलावली, तीही नेमकी महिनाअखेरीच्या संध्याकाळी. धाकटा गाडी घेऊन आला होता. काय चाललंय ते पाहावे म्हणून तोही मागच्या खुर्चीत येऊन बसला आणि मिशीत हसू लागला. रंगरावांना मधोमध बसवण्यात आले.

अध्यक्ष त्या दिवशी आश्चर्य वाटण्याइतके मऊ बोलले. त्यांना भांडण वाढवायचे नव्हते, प्लंबरवर ढकलून मोकळे व्हायचे होते. ते म्हणाले, "रंगराव, तुमच्या रंगात काही दम नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीतच आहे. तेवढं तुम्ही तोंडानं म्हणा. काळ्यावर काळा लावला, त्यानं पाणी थोडंच गार होतंय? विषय संपला."

सुंठीवाचून खोकला जात होता. एक "हो" म्हणायचे आणि घरी जायचे. बायको पहिल्या रांगेतून डोळ्यांनी विनवत होती. पण रंगरावांची नजर मागे गेली. रंगात दम नाही असे ते म्हणाले की धाकटा उठणार, वर जाणार आणि आक्काची ट्रंक उचलणार. आणि तेही एक वेळ बाजूला ठेवले तरी, महिनाभर ज्यांनी जिन्यात हसून घेतले त्यांच्यासमोर आपल्याच तोंडाने आपल्याला मूर्ख ठरवायचे? गिरणीच्या मालकासमोर त्यांनी कधी जुळलेली छटा न जुळलेली म्हटली नव्हती.

रंगराव उभे राहिले. "पाणी माझ्या रंगानंच गार झालं," ते म्हणाले. "टाकी मीच रंगवली. तुमची सगळ्यांची आंघोळ गार झाली ती माझ्यामुळे, आणि कोणाला खोटं वाटत असेल तर त्यानं वर जाऊन हात लावावा."

मास्तर अडखळत म्हणाले की काळा रंग उष्णता शोषतो असे पुस्तकात आहे. मग पुस्तक घेऊन शिडी चढा, असे रंगरावांनी सांगितले, पण उंबऱ्यावर पाय देऊ नका.

याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. पुढच्या गदारोळात कोणी काय म्हटले ते सांगण्यात अर्थ नाही. जे लोक रंग बोगस आहे म्हणत होते तेच आता रंग फार जहाल आहे म्हणू लागले. ठराव झाला: रंगरावांनी टाकी स्वखर्चाने पुन्हा साध्या काळ्या रंगाने रंगवावी. विमावाल्याने उपसूचना मांडली की छटा गच्चीशी जुळली पाहिजे. या उपसूचनेमागे खवचटपणा होता, आणि ती एकमताने मंजूर झाली.

धाकटा मात्र हसायचा थांबला होता. "चल दादा, आक्कालाच विचारू," तो म्हणाला.

रंगराव इतके संतापलेले होते की चपला घालायच्या विसरले. दोघे भाऊ आवाज न करता जिना चढले आणि धाकट्याने मागच्या खोलीचे दार ढकलले.

पंखा बंद होता. एरवी ओला असणारा पंचा खिळ्याला लटकत होता, कोरडा खडखडीत. दिवसभराचे ऊन डोक्यावर घेतलेल्या त्या खोलीत आक्का पायांवर शाल घेऊन शांतपणे डुलकी काढत होती. धाकट्याने स्टुलावर चढून छताला हात लावला, भिंतीला लावला, आणि तो कॉटच्या कडेला बसला. मग म्हणाला, "गाडीची सवय झालीय मला, उगाच आणली." त्याच्या तोंडून याहून मोठी कबुली निघणे शक्य नव्हते.

तो खाली गेल्यावर रंगरावांनी आक्काला जागे केले. ते म्हणाले, रोज मी विचारतोय, रोज तू आहे तसंच म्हणतेयस, सगळ्या जगानं मला वेड्यात काढलं, आज भरसभेत मला उभं केलं, आणि तुला पहिल्या दिवसापासून गार लागत होतं?

"दुसऱ्या दिवसापासून," आक्का म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

आक्काने चष्मा शोधला, पुसला आणि डोळ्यांवर चढवला. "तू निवृत्त झाल्यापासून या खोलीत किती वेळा बसलास रे? दारातून विचारायचास, जेवलीस का, आणि निघून जायचास. गार वाटतंय म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी आला असतास?"

बोलण्यासारखे रंगरावांकडे खूप होते. समिती होती, मास्तर होते, व्याही होता, कबुतरे होती. पण त्यातले काहीच इथे लागू पडेना, आणि त्याचाही त्यांना रागच आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टाकी साध्या काळ्याने रंगवली. दोन काळे जुळले, पण आता त्यातला कुठला खोटा आहे हे त्यांना ठाऊक होते, त्यामुळे खाली उतरताना ते पुटपुटतच होते. संध्याकाळी अध्यक्षांच्या न्हाणीघरातून गाण्याचा आवाज आला. त्याच्या आधी दुपारी, ऊन पुरते तापले असताना, रंगराव रंगाचे हात न धुताच चपला फटफटवत मागच्या खोलीत गेले, स्टूल पुढे ओढून बसले आणि घुश्शातच म्हणाले, "काय आक्का, कसं वाटतंय?"

आक्काने शाल कानांपर्यंत ओढून घेतली.

"फार उकडतंय रे," ती म्हणाली. "बस जरा."